वाडीच्या भिंतीवरचा अमोनिया

सायरन पुन्हा वाजला. मी कोल्ड स्टोरेजच्या गेटवर पोचले तोवर तिथले मॅनेजर ठवरे यांनी तो बंदही केला होता.

"मॅडम, तुमचं मशीन पागल झालं काय? गॅस कुठंच नाही अन् हे रोज दुपारी बोंबलून राहिलं."

मशीन आमचंच होतं. आमची कंपनी शहराची हवा मोजणारे डबे बसवते. चौकात खांबावर दिसतात ते. धूळ, धूर मोजतात. त्यातलाच एक डबा आम्ही नागपूरजवळच्या वाडी गावातल्या या कोल्ड स्टोरेजसाठी बदलला होता. इथे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तो गळला तर आधी डोळे जातात, मग श्वास. म्हणून डब्यात अमोनियाचा सेन्सर घातला. शिवाय मूळ डबा तासाभराची सरासरी सांगायचा. शहराच्या हवेला सरासरी चालते. गळतीत सरासरी निघेपर्यंत माणसं आडवी होतील. आता तो दर काही सेकंदांनी आकडा द्यायचा आणि आकडा थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेला की सायरन वाजवायचा.

डबा गल्लीकडच्या भिंतीवर होता, कारण गल्लीपलीकडे भाड्याच्या खोल्या आहेत. पहिल्या खोलीत चंदाताई, त्यांची दमेकरी सासू आणि लहान मुलगी. सुरुवातीला सायरन वाजला की चंदाताई मुलीला कडेवर घेऊन, सासूला ओढत पळायच्या. आज त्या निवांत पोळ्या लाटत होत्या.

"पळाला नाहीत?" मी विचारलं.

"किती वेळा पळू वं बाई? सासूले पळवून पळवूनच दम लागून राहिला. आता नाही पळत मी."

मला हेच नको होतं. त्यात आमच्या सरांचा फोन आला.

"थ्रेशोल्ड तिप्पट कर. नाहीतर ते ठवरे वायरच काढतील."

"सर, मग खरी गळती उशिरा कळेल."

"मग उद्यापर्यंत या खोट्या सायरनचं कारण शोधून दे. आणि ग्रुपवर मराठीत टाक. इंग्रजी दिसलं की ठवरे वाचत नाहीत."

सेन्सर मी तपासला होता. ठीक होता. अमोनियाची यंत्रं आहेत त्या मशीनरूममध्ये हातातलं मीटर फिरवलं, तिथे काही नाही. मला शंका होती ती डब्याच्या जागेची, आणि तीही बारीकशी. इंग्रजीत मी 'मायनर डाउट' म्हटलं असतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मायनर म्हणजे लघु. डाउट म्हणजे शंका. ग्रुपवर कंपनीचे मालक होते, सर होते, ठवरे होते. मी लिहिलं, "नमस्कार. डबा आहे त्या जागी मला लघुशंका आहे. उद्या दुपारी येऊन खात्री करते."

मग ठवरेंचं उत्तर आलं.

"मॅडम, तिथं काहून? ऑफिसच्या मागं संडास-बाथरूम आहे. चावी माझ्यापाशी मागा."

मी आईला अर्थ विचारला. ती हसत हसत खाली बसली. मग सांगितला. नागपूर सोडून कुठे राहता येईल याचा मी थोडा वेळ गंभीरपणे विचार केला. मग एकदम केमिस्ट्री आठवली. लघवीत युरिया असतो. तो कुजला की अमोनिया सुटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चंदाताईंच्या दारात बसले. लॅपटॉप मांडीवर, पाठ भिंतीकडे. बघायचं काम त्यांच्याकडे.

"गेला एक," त्या म्हणाल्या. "ट्रकच्या मागं. दाढीवाला... आता दुसरा गेला. बाई, तुमच्या डब्याखालीच वं!"

स्क्रीनवरची रेघ वर चढत होती. एकट्यादुकट्याने एवढं होत नाही. पण भिंत रोजच्या लघवीने मुरलेली होती, वर वाडीचं दुपारचं ऊन. सायरन वाजला. दाढीवाला पँट सावरत पळाला.

ठवरे धावत आले. मी त्यांना लॅपटॉप दाखवला. खाली मान घालूनच विचारलं, "बाथरूमला कुलूप का असतं?"

"ड्रायव्हर लोक घाण करतात, मॅडम."

"मंग आता काय अत्तर शिंपडून राहिले?" चंदाताई म्हणाल्या.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीवर देवांच्या टाइल्स लावा. कोणी उभं राहणार नाही."

"मग तिथे उदबत्त्या लागतील, सर. आणि धुळीचा आकडा चढेल. त्यापेक्षा कुलूप काढायला सांगा." सरांना मी उलट उत्तर दिलेलं ते पहिलंच.

कुलूप निघालं. भिंत धुतली. डबा उंचावर, मशीनरूमच्या बाजूला सरकवला. थ्रेशोल्ड मात्र होता तोच ठेवला. सायरन गप्प झाला, इतका की चंदाताई मला फोन करून तो जिवंत आहे का विचारायच्या.

पुढे एका सकाळी तो वाजला. ठवरे सवयीने आधी गल्लीत डोकावले, कोण उभं आहे बघायला. कुणीच नव्हतं. तेव्हा ते घाबरले. एका व्हॉल्व्हचं पॅकिंग जाऊन खरोखरच अमोनिया गळत होता. ऑपरेटरने मास्क लावून लाइन बंद केली. तोवर चंदाताई सासूला आणि मुलीला घेऊन वाऱ्याच्या आडव्या दिशेने मेनरोडला पोचल्या होत्या. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, गॅस मागेच येतो, हे मी त्यांना समजावलं होतं. कुणाला काही झालं नाही. सासूबाई फक्त चप्पल राहिली म्हणून कुरकुरत होत्या.

हल्ली नव्या साइटवर गेले की मी सगळ्यात आधी बाथरूम कुठे आहे ते विचारते. लोकांना वाटतं, मॅडमना घाई आहे. वाटू दे.