अख्खं कोनफळ

थंडीत शेतात जाळ पेटवून वालाच्या शेंगा शिजवतात, त्या पोपटीच्या मडक्यात मी एकदा तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं कोनफळ अख्खं टाकलं होतं. कापलं तर लहान दिसेल, आणि थोरल्या सुनेच्या हातचं काही लहान दिसणं मला तेव्हा परवडत नव्हतं. मुरुडच्या आतल्या अंगाला आमचं गाव, घर माणसांनी भरलेलं आणि स्वयंपाकघराची राणी मी... राणीला अक्कल लागते असं कुणी सांगितलं नव्हतं. जाळ विझल्यावर मडकं उघडलं. वालाच्या शेंगा शिजल्या होत्या, अंडी शिजली होती. कोनफळ वरून करपलेलं, आत कच्चं. पाहुणे घसा खाजवत घरी गेले.

धाकटी जाऊ शैला तेव्हा नवीच आलेली, गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती हसली नाही. कोनफळाच्या फोडी करून तिने निखाऱ्यावर भाजायला घातल्या आणि म्हणाली, "ताई, पेशी म्हणूनच लहान राहते. तिला अन्न, हवा, सगळं कातडीतून मिळतं. ती दुप्पट रुंद झाली तर कातडी होते चौपट, पण पोट होतं आठपट. मग मधल्याला काही पोचत नाही. त्याआधीच ती एकीच्या दोन होते."

"इथंही वर्ग भरवलास का बाई?" मी म्हटलं. फोडी मात्र सगळ्यांत जास्त मीच खाल्ल्या.

शैला वारली त्याला दीड महिना झाला. अलिबागहून दिराचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत होते. तिला दवाखान्यात भेटायला जायचं मी रोज ठरवत होते. एसटीही रोज होती...

तिची रेवा लहान असताना तापाने फणफणून माजघरात पडली होती. शैला शाळेत. मला वाटलं, सासूबाईंनी पेज दिली. सासूबाईंना वाटलं, मी दिली. बाकीच्यांना वाटलं, एवढ्या माणसांत कुणीतरी दिलीच असेल. संध्याकाळी शैला आली तेव्हा पोरीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने पेज केली, भरवली, आणि पुढच्याच महिन्यात अलिबागला दोन खोल्या घेऊन वेगळी चूल मांडली. निघताना मी म्हटलं, "घर फोडलंस." ती म्हणाली, "फोडलं नाही ताई, एकाची दोन केली."

मी तिच्याकडे कधी जेवले नाही. ती मात्र दर थंडीत पोपटीला यायची, डब्यात कोनफळाच्या फोडी घेऊन. मी चारचौघांत ओळख करून द्यायचे, "ही आमची घरफोडी." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मला वाटायचं, काय मी विनोदी!

परवा पोपटी लावली. रेवा आली, आईचाच डबा घेऊन. फोडी अगदी तशाच कापलेल्या. जाळाशी दोघीच बसलो होतो. मी म्हटलं, "रेवा, त्या दिवशीची पेज मी द्यायची होती गं. तुझ्या आईला हे कधी बोलले नाही."

तिने काठीने निखारे पुढे ओढले आणि म्हणाली, "मला त्यातलं काही आठवत नाही, मोठी आई. आई एवढंच म्हणायची, ताई म्हणजे ते अख्खं कोनफळ. ऊब आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, पण पोचते. तुम्ही जरा उशीर केलात."