सिमेंटचा रविवार

तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपला काढून जायचो. मुलुंडला आम्ही बांधत असलेली इमारत पंधरा दिवस उशिरा पूर्ण होणार, असं तो कॉम्प्युटर सांगत होता आणि साहेब रोज विचारत होते, "कुठे चुकतंय रे?" मी सगळे आकडे तीनदा तपासले होते.

वैतागून एका रविवारी साइटवर गेलो. सामसूम होती. फक्त एक बाई नव्या स्लॅबला पाणी मारत होती. साइटवरच्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसायची ती. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी लांबवर उडवायची आणि अनवाणी तळव्याने स्लॅब किती तापलाय ते बघायची.

"आज सुट्टी ना?" मी विचारलं.

"सुट्टी तुमाला. शिमिट कुटं थांबतंय?" तिने मान वर केली नाही.

मी चरकलोच. सिमेंट पक्कं व्हायला प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला चौदा दिवस पाणी मारायचं, आणि ते दिवस मोजताना कॉम्प्युटर प्रत्येक रविवार वगळत होता! दर मजल्यामागे दोन-तीन दिवस उगाच वाढत होते. सोमवारी मी कॉम्प्युटरमधून त्या कामाची रविवारची सुट्टी काढून टाकली आणि सगळा उशीर नाहीसा झाला.

"कसं सापडलं रे?" साहेबांनी पाठ थोपटली.

"बसलो विचार करत," मी म्हणालो.

खिडकीतून ती दिसत होती. तिचं नाव मी कधीच विचारलं नाही. त्याला किती वेळ लागला असता?