पिशवीपुरता जावई

माझ्या सासऱ्यांनी मला कापलं, ते माझ्याच लेखी सूचनेवरून. घटनाक्रम असा.

निवृत्तीनंतर मी नवशिक्या छायाचित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये दाखल झालो. तिथला नियम म्हणजे, स्वतःचा फोटो टाकण्याआधी इतरांच्या फोटोंवर अभिप्राय द्यायचा. मला फोटो काढता येत नव्हते, पण अभिप्रायाला ती अट नव्हती. शिवाय सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर, लोकांच्या बातम्या कापण्यात गेलेली. (जागा शिल्लक असली तरी कापायचो.) 'छायासेवक' असं नाव घेऊन मी कामाला लागलो.

नवरात्र संपलं आणि 'नवखा' नावाच्या सदस्याचा फोटो आला. टेंभी नाक्यावरच्या देवीची रोषणाई, गर्दी, मधोमध एक पाठमोरी बाई मान वर करून कमान बघते आहे. तिच्या शेजारी एक पाठमोरा पुरुष, मान खाली. मी लिहिलं, "बाई उत्तम. शेजारचा गृहस्थ चित्राला भार आहे. सगळे देवीकडे बघत असताना हा मोबाइल बघतो. शिवाय दोन माणसांची जागा अडवतो. कापा."

'नवखा'ने नम्रपणे विचारलं, "सर, तो सोबत आलेला आहे. ठेवला तर चालणार नाही का?"

मी उत्तर दिलं, "भावनेला फोटोत जागा नसते."

रविवारी विद्या, म्हणजे माझी बायको, माहेरी मानपाड्याला वडिलांशी फोनवर बोलत होती. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अण्णांचा फोटो नौपाड्यातल्या प्रदर्शनाला जाणार होता. अख्ख्या सोसायटीला सांगून बसलेत. आता म्हणतात, पाठवत नाही."

"अण्णा फोटो काढतात?"

"कॅमेरा घेतलाय ना नवीन. कुठल्याशा ग्रुपवर टाकला, तर एका शहाण्याने झोडपलंय त्यांना."

"या वयाच्या माणसाला? नाव सांग त्याचं. बघतोच."

"छायासेवक."

मी पंख्याकडे बघितलं.

विद्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आपण अण्णांबरोबर देवीला गेलेलो ना, तेव्हा त्यांनी मागून काढलाय. ही मी."

(स्वतःच्या पत्नीला पाठमोरी ओळखलं नाही, या गुन्ह्याची सुनावणी पुढे स्वतंत्रपणे झाली.)

"आणि हा?" उत्तर समजलेलं असूनही मी विचारलं.

"हा कोण काय? पिशवी बघा."

हिरवी ताडपत्रीची ती पिशवी आमच्या दारामागेच टांगलेली होती.

"ओटीचं सामान धरायला दिलेलं, तर तुमचं डोकं मोबाइलमध्ये."

फोटोतल्या त्या क्षणी मी कुणाच्या तरी सूर्यास्तावर अभिप्राय लिहीत होतो.

वृत्तपत्रात चूक झाली की खुलासा छापतात. मीही ग्रुपवर टाकला. "छायासेवक यांच्या अभिप्रायात अनवधानाने त्रुटी राहिली. सदर गृहस्थ हा चित्राचा प्राण आहे."

"सर, परवापर्यंत तर भार होता ना?" एकाने विचारलं.

"प्राण कसला, पोट आहे ते," दुसरा.

"शर्ट सैल आहे," मी लिहून गेलो.

"काका, तुम्हाला कसं माहीत?"

मी ग्रुप सोडला.

अण्णांची समजूत विद्यानेच काढली. त्यांनी फोटो पाठवला. सुधारून.

प्रदर्शनात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या फोटोशेजारी उभे होते. मधोमध विद्या कमान बघत होती. डाव्या कडेला फक्त एक मनगट आणि त्याला लटकलेली हिरवी पिशवी. तिथे बरेच लोक थांबत होते.

"पिशवी किती बोलकी आहे, नाही?" एक बाई मैत्रिणीला म्हणाल्या.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, ते छायासेवक म्हणाले, अख्खा कापा. मी म्हटलं, पोरीच्या शेजारून नवरा अख्खा कसा कापायचा? म्हणून पिशवीपुरता ठेवला. चाललं ना?"

"अण्णा, त्या छायासेवकाला काही कळत नाही," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "पूर्वीपासून."

विद्याने हातातली पिशवी माझ्याकडे दिली. मोबाइल खिशात ठेवून मी ती नीट धरली. जाणकारांच्या मते माझा तेवढाच भाग बघण्यासारखा आहे.