शिंपीकाकांचे दोन डबे

कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या दुकानात आज दोन नवे डबे दिसले, एक हिरवा आणि एक निळा.

"ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे नाहीत म्हणून पालिकेच्या साहेबांनी दंड केला," काका म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. यांच्या मोठ्या चिंध्या गोधडीवाल्या बाई नेतात, बारीक चिंध्या उशांत जातात, उरलेल्या चिंध्यांना शेजारचा गॅरेजवाला हात पुसतो. तपासायला आलेल्या साहेबांनी हे विचारलंच नाही, त्यांनी फक्त डबे शोधले. काहीच न टाकणाऱ्या माणसासाठी त्यांच्या कागदावर रकानाच नसतो!

"मग यात टाकता तरी काय?" मी तावातावाने विचारलं.

काकांनी निळ्या डब्याचं झाकण उघडलं. आत चुरगळलेलं प्लास्टिक होतं.

"डबे यातच गुंडाळून आले. दुकानातला पहिला कचरा."