उजव्या बाजूची टोपली

आर्णीच्या माझ्या छोट्याशा दुकानात मी दागिने घडवते. व्हाइट मेटलचे घोडे, वाळूच्या लाटा कोरलेली पदकं, कवड्यांची झालर. वाळवंट मी जन्मात पाहिलेलं नाही, खरं सांगते. आमची बंजारा माणसं कधीकाळी मारवाडातून बैलांवर माल लादून इकडे आली, एवढं तांड्यात सगळेच सांगतात आणि तेवढ्यावर माझं दुकान चालतं. गिऱ्हाइकाला ते वाळवंट फार आवडतं. आवडू दे बापडं.

खरा घोडा होता माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, केसांत. आमच्यात लग्न झालेली बाई दोन्ही कानशिलांवर चांदीची टोपली वेणीत गुंफते, खाली घुंगरं लोंबतात. नवरा आहे तोवर ती उतरत नाही. तो गेला की तांड्यातल्या बायका उतरवतात. याडीची टोपली तिच्या सासूची. उजवीवर कुण्या कारागिरानं नखाएवढा घोडा कोरला होता, मान वळवून मागे बघणारा. तशी मान मला काही केल्या जमत नव्हती.

नागपूरच्या प्रदर्शनासाठी मला तो घोडा पाहिजेच होता. केसांत असताना मेणाचा साचा नीट उठेना. म्हटलं, "याडी, एका दिवसासाठी काढून दे." घरी आम्ही गोरबोलीच बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते.

"डोकं फिरलं का तुहं? तुहा बापू खाटेवर पडून हाय."

बापूला लकवा मारून वर्ष होत आलं होतं.

"काही होत नाही वं. कोन्त्या जमान्यात राहून राह्यली तू?"

तीन दिवस तांड्यावर तिच्याच घरी राहून मी पिच्छा पुरवला. जेवताना, बापूचं अंथरूण बदलताना, एकच रट. शेवटी वैतागून ती माझ्यापुढे बसली आणि मी पेड उकलून टोपली काढून घेतली. तिनं लगेच पदर पुढे ओढला, कुणाला दिसू नये म्हणून. "उद्या आणून घाल," म्हणाली.

साचा त्याच दिवशी निघाला, झकास निघाला. दुसऱ्या दिवशी ऑर्डरी होत्या; म्हटलं, उद्या जाऊ. तिसऱ्या दिवशीही गेले नाही. आळशी मेली, दुसरं काय! चौथ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. बापू गेला.

टोपली पर्समध्ये टाकून मी गाडीवर निघाले. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, मोठमोठ्यानं. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण याडी मानते, आणि ती आता काय मानत असेल हे मला कळत होतं.

अंगणात बापूला ठेवलं होतं. बायका याडीभोवती जमल्या होत्या. एकीनं तिचा पदर मागे सारला आणि तिचा हात तसाच थांबला. डावीकडे टोपली होती, उजवीकडे नुसते केस.

"अवं, हे कायले उतरवली? कवा उतरवली?"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. नवरा जिवंत असताना! तेव्हा पुढे होऊन मी सांगायला पाहिजे होतं. मी पर्स छातीशी धरून मागेच उभी राहिले. लिहितानाही लाज वाटते.

"म्याच काढली," याडी म्हणाली. "डोकं दुखत होतं." मग माझ्याकडे वळली. "आनली?"

मी पर्स उघडली.

"घाल."

बायका कुजबुजल्या. नवरा समोर मरून पडला आणि ही नटते? याडीनं कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिचे पांढरे केस विंचरले, पेड घातले, टोपली गुंफली. दोनदा सुटली. तिनं दोन्ही बाजू हातानं चाचपल्या. मग बापूच्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिली.

"आता काढा," ती बायकांना म्हणाली.

मीच जवळ होते, माझाच हात पुढे गेला. तिनं तो बाजूला सारला.

"तू नोको. तुनं काढली एकदा."