एकाहत्तर मुलं, एक बाई

त्या खोलीत एकाहत्तर मुलं होती. मी स्वतः मोजली होती, आणि तीही दोनदा, कारण पहिल्या खेपेला माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या देवळाला लागून ती खोली होती. आमच्या घराच्या दोन खोल्या जोडल्या तर होईल तेवढी. पुढे एक दार, मागे एक दार आणि गज लावलेली एक खिडकी. सांभाळायला एकच बाई. साठीला टेकलेल्या, नऊवारीतल्या, आणि वर्गात कायम अनवाणी.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांना देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून ट्रंका बांधून आलो. आमच्यासारखी बिऱ्हाडं तेव्हा दर महिन्याला येत होती. गावात मराठी माणूस काही नवा नव्हता. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती तेव्हापासून दरबाराबरोबर आलेली घराणी इथे होतीच. ती माणसं देवघरात माझ्या आजीच्या वेळचं मराठी बोलत आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी "काय भिया, कैसे दिये?" करत. बाई अशाच एका घरातल्या.

पुढे सगळ्यांच्याच मुलांना हिंदी शाळेत जायचं होतं. त्याआधी दोन वर्षं तरी मराठी कानावर पडावं, मुळाक्षरं गिरवावीत, म्हणून नवे-जुने सगळे आपलं मूल याच शिशुवर्गात आणून सोडत. मराठी शिशुवर्ग गावात एवढाच. वर्ग काढला तेव्हा तीसेक मुलांचा हिशेब होता म्हणे. नाही कुणाला म्हणायचं नाही, हा बाईंचा नियम. त्यामुळे दर महिन्याला एक सतरंजी वाढे आणि फळा भिंतीच्या आणखी जवळ सरके.

दुपारी मुलांना न्यायला आलेल्या आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसून कुरकुर करायचो. कुणाच्या डब्यात दुसऱ्याचं थालीपीठ निघालेलं असे. एकाला खोकला झाला की आठवड्याभरात सगळ्यांना. चैत्रात तर आतून असा वाफारा येई की बाहेर उभ्या आम्हा बायकांचे पदर ओले व्हावेत. एका पोराचा बाप म्हणाला, "हा वर्ग आहे का बस स्टँड?" सगळे हसले, पण प्रत्येकाच्या पोटात भीती एकच होती. एवढ्या गर्दीत आपलं मूल कुणाला दिसतंय का?

माझ्या पोटात ती जरा जास्तच होती. माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. म्हणजे अगदीच मुकी नव्हती. "हो", "नको", "पाणी", एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. इंदूरच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ पाहिली आणि सांगितलं, काही दोष नाही, वाट पाहा. वाट पाहणं हे माझ्या स्वभावात नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणत, आणि खोटं नव्हतं ते. मुलीला कुणी नाव विचारलं की मीच सांगायची, भूक लागली का विचारलं की मीच सांगायची. रोज शाळेतून आणताना विचारायची, "आज काय शिकवलं? गाणं म्हटलं का? कुणाशी खेळलीस?" ती माझ्याकडे बघत चालायची. मी मनात म्हणायची, ज्या वर्गात एकाहत्तर मुलं कोकलतायत, तिथे हिचा एक शब्द कोण ऐकणार? ही अशीच मुकी राहील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

शेवटी पालकांनी सभा ठरवली. वर्ग चालवणाऱ्या मंडळींना अर्ज द्यायचा. बाई थकल्या, त्यांना आता विश्रांती द्यावी, इंदूरहून शिकलेली तरुण शिक्षिका आणावी, आणि चिठ्ठ्या टाकून चाळीसच मुलं ठेवावीत. चिठ्ठीत आपलं मूल निघालं नाही तर काय, हे कुणी बोललं नाही. आपल्याच मुलाची चिठ्ठी निघणार असं ज्याला त्याला वाटत होतं. माझं अक्षर बरं आणि तोंड तिखट, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं.

अर्जात एक वाक्य मला हवं होतं. "वर्गातून मूल बाहेर निघून गेलं तरी बाईंना कळत नाही." वाक्य झक्कास होतं, पण ते खरं आहे हे दाखवायला हवं. पुरावा दुसरीकडे कुठे शोधत बसायचा? मी ठरवलं, आपणच आपली मुलगी उचलायची. पाव तास थांबायचं आणि मग पुढच्या दारात जाऊन विचारायचं, "बाई, माझी मुलगी कुठाय?" त्या शोधत बसतील, मग मी अर्जावर सही करीन. आज हे लिहितानाही कान गरम होतात. तेव्हा मात्र मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

सभेच्याच दिवशी सकाळी यांचं घड्याळ मनगटाला बांधून मी देवळामागच्या अंगणात शिरले. मुलगी मागच्या दाराशीच बसायची. बाई फळ्याकडे तोंड करून खडूने मुंग्या काढत होत्या. मी बोटाने खूण केली. मुलगी उठून आली. तिची सतरंजीवरची जागा मोकळी दिसू नये म्हणून मी हात आत घालून शेजारच्या पोराला तिच्या जागेवर सरकवलं. इतकी तयारी. मग तिला घेऊन दाराच्या बाजूला कडुनिंबाखाली, भिंतीच्या आड बसले. मला तिथून उघड्या दारातून फळा, बाईंची पाठ आणि मुलं तिरकी दिसत होती.

आत बाईंनी स्वतः रचलेलं एक गाणं चाललं होतं. एक मुंगी निघाली, दोन मुंग्या निघाल्या, असं वाढत जायचं. दर ओळीनंतर बाई विचारत, "मुंगी कुठे चालली?" आणि सगळी मुलं देवीच्या टेकडीकडे हात करून ओरडत, "वर!" छपराचे पत्रे थरथरावेत असा तो आवाज. मला वाटलं, घ्या, यात काय कुणाचं ऐकू येणार.

बाईंनी तिसरी मुंगी काढली. "मुंगी कुठे चालली?"

"वर!" मुलं ओरडली आणि थांबली.

आणि माझ्या मांडीवरून, अगदी स्पष्ट, न अडखळता, माझी मुलगी म्हणाली, "वर."

मी दचकले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. "शू," म्हणाले. आपण पकडले जाऊ एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आत चौथी मुंगी झाली. मुलं ओरडली, थांबली. माझ्या तळव्याखाली मुलीचे ओठ हलले. आत शांतता होती. बाईंचा खडू फळ्यावर तसाच राहिला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त मान किंचित वाकडी केली. मग फळ्याकडे तोंड ठेवूनच पुन्हा विचारलं, "मुंगी कुठे चालली?" पुन्हा "वर", पुन्हा शांतता. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हात धरा."

त्या क्षणी मी जे पाहिलं ते आजवर कुठे पाहिलं नाही. सत्तर मुलांनी शेजाऱ्याचे हात धरले आणि ती जागच्या जागी बसून राहिली. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी रडलं नाही. आमच्या घरी चार पाहुण्यांची मुलं आली तर मला घर आवरत नसे. आणि इथे दोन शब्दांवर सत्तर पोरं थांबली होती. बाईंनी मुलं मोजली नाहीत. त्या सतरंज्यांमधून सरळ मागच्या दाराशी आल्या, ज्या जागेवर मी दुसरं पोर सरकवून ठेवलं होतं तिथेच. त्यांनी एकदा त्या पोराकडे पाहिलं आणि धावत बाहेर पडल्या.

भिंतीआड आम्ही त्यांना दिसलो नाही. अंगणाच्या टोकाला जुनी बावडी होती, पायऱ्या-पायऱ्यांची विहीर. कठडा कसाबसा गुडघ्यापर्यंत. बाई त्या उन्हात, त्या खडीवरून अनवाणी धावत बावडीपाशी गेल्या आणि कठड्यावर दोन्ही हात टेकून आत वाकल्या. वाकून पाण्यात बघत राहिल्या. मला हाक मारायची होती. जन्मभर न थांबलेलं माझं तोंड नेमकं तेव्हा उघडेना. घड्याळात पाहायचं तर राहूनच गेलं होतं. दोन मिनिटं तरी झाली होती का, देव जाणे.

माझा हात कधीतरी खाली पडला असावा. मुलगी म्हणाली, "बाई."

त्या वळल्या. चेहरा पांढराफटक झाला होता. जवळ आल्या, खाली बसल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, गालावरून फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. "वैनी, सांगून न्यायची ना. माझा तर जीवच निघाला." आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले असते.

मी एवढंच विचारू शकले, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"अहो, ही मागाहून म्हणते ना," बाई म्हणाल्या, जसं काही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "सगळी ओरडून थांबली की मग हिचा एकटीचा येतो. रोजचं आहे. मी त्यासाठी ओळ संपली की थोडी थांबते. आज थांबली तर आलाच नाही."

मी म्हणाले, "घरी तर ती बोलतच नाही."

बाई पदराने तोंड पुसत होत्या. जरा हसल्या. "घरी तिचा नंबर लागत नसेल," म्हणाल्या. मग उठल्या. "चला भिया, मुंग्या वाट पाहून राहिल्या." मुलीचा हात धरून आत घेऊन गेल्या. खडीवर टोचलेल्या पायाने त्या लंगडत होत्या. मी तिथेच बसून राहिले आणि पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. सत्तरांचा तो पत्रे हलवणारा आवाज आला, थांबला, आणि मग त्या थांबण्यात एक बारीक आवाज आला. चार वर्षं ज्या आवाजासाठी मी डॉक्टर आणि देव केले, तो ही बाई रोज दहा-वीस वेळा ऐकत होती, आणि त्याच्यासाठी जागा ठेवून थांबत होती. आणि मी त्याच्यावर हात ठेवला होता.

संध्याकाळी सभेत सगळे माझ्या अर्जाची वाट पाहत होते. मी उभी राहिले आणि सकाळी काय केलं ते सांगितलं. काही लपवलं नाही, बावडीचंही. यांनी मान खाली घातली. बस स्टँड म्हणणारे गृहस्थ म्हणाले, "खोली तर लहान आहेच ना." ते खरंच होतं आणि मी ते नाकारलं नाही. बाई कितीही मोठ्या असल्या तरी खोली मोठी होत नाही. मग अर्ज दुसरा झाला. देवळाची ओसरी वर्गाला द्या, बावडीला उंच जाळी बसवा, आणि बाईंच्या हाताखाली एक मदतनीस द्या. चिठ्ठ्यांचं नाव कुणी काढलं नाही. मदतनीस कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. केलं त्याची भरपाई म्हणून मी तीन वर्षं तिथे जात होते, एकही पैसा न घेता. तीन वर्षांत मला अठरा मुलांचे आवाज पाठमोरी ओळखता येऊ लागले. एकोणिसावा आला की पहिल्याचा विसर पडायचा. बाई म्हणायच्या, "येईल, येईल." कधी आलं नाही.

पण त्या रात्रीच्या जेवणाचं सांगायचं राहिलं. सभेहून येऊन घाईघाईने मी वांग्याची भाजी केली होती. पानं वाढली. मुलगी भात चिवडत होती. मी तिला विचारलं, "भाजी कशी झालीय?" आणि पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, छान झालीय ना, खा मग पटापटा. मी ते गिळलं. ओठ घट्ट मिटून बसले. हे काही बोलणार होते, त्यांना मी हातानेच थांबवलं. कुठेतरी ट्रक जात होता, त्याचा आवाज येऊन गेला. माझ्या ताटातला भात गार झाला. गप्प बसणं इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं.

मुलीने घास गिळला, मग ती पाणी प्यायली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "खारट."

यांनी भाजी चाखली. मीठ खरंच दोनदा पडलं होतं.