एक सड पिल्लाचं

माझं उजवं मनगट शेळीनं नाही, रजिस्टरांनी खाल्लं, असं मी आजही म्हणते. इतकी वर्षं अंगणवाडीत लिहितेय, पण मुखेडच्या डॉक्टरांनी फक्त घरी काय काम करता एवढंच विचारलं. शेळी पिळते म्हटलं आणि सगळं खापर शेळीच्या माथी फुटलं. पिळणं बंद करा म्हणाले. मग शेळीला काय सांगू, असं मी विचारलं. त्यांना हसू आलं नाही. मीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

शेवटी माझ्या नवऱ्यानं, आमच्याकडे मालक म्हणतात, मोबाइलवरून यंत्र मागवलं. यंत्र कसलं, एक प्लास्टिकची बरणी, हातानं दाबायचा पंप आणि दोन नळ्या. नळ्यांच्या टोकाला इंजेक्शनच्या मोठ्या नळकांड्यासारखे दोन पेले. ते शेळीच्या सडांना लावायचे, पंप पाच-सहा वेळा दाबायचा, की दूध आपसूक बरणीत उतरतं. माहेरी जाताना पिशवीत घालून न्यावं एवढं हलकं. शेळीनं दोन दिवस लाथा झाडल्या, तिसऱ्या दिवशी टोपल्यातला भरडा खात निमूट उभी राहिली. माझ्यापेक्षा तिला ते लवकर पटलं.

आमच्या घरात शेळी पिळायची एक रीत आहे. शेळीला सडं दोनच, त्यातलं एक घरचं आणि एक पिल्लाचं. आपण आपल्या बाजूनं चहापुरतं काढायचं, पिल्लाच्या सडाला हात लावायचा नाही. हे मला सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. हातानं पिळत होते तोवर ही रीत पाळायला कष्ट नव्हते. यंत्राला मात्र पेले दोन, आणि एकच लावला तर दुसऱ्यातून हवा शिरून दूध ओढलंच जात नाही. मी मोकळी नळी दुमडून तिला दोरीवरच्या कपड्यांचा चिमटा लावला. यंत्र बनवणाऱ्याच्या घरी पिल्लू नसावं. आमच्या शेळीखाली तेव्हा एकच होतं, महिन्याभराचं, काळंभोर, कान पांढरे.

पाऊसकाळ सरता सरता दर वर्षीसारखा डेंग्यू आला. डेंग्यू आला की आमच्याकडे शेळीवाल्यांच्या दारात बाटल्या घेतलेली माणसं उभी राहतात. शेळीच्या दुधानं रक्तातल्या पेशी वाढतात, हे गावोगाव पक्कं झालेलं आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की तसं काही नसतं. पाणी द्या, पातळ पदार्थ द्या, डॉक्टरांचं ऐका. मी स्वतः हेच दारोदार सांगत फिरते.

एका सकाळी, नीट उजाडायच्या आत, एक माणूस मोटारसायकलवर आला. मुखेडात हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. नऊ वर्षांची लेक नांदेडला दवाखान्यात, पेशी उतरत चाललेल्या. दूध घेऊन त्याला पहिली एसटी गाठायची होती. दुधानं काही होत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याचे डोळे लाल झालेले, आणि बाटली त्यानं धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून आणलेली. उकळून द्या, कच्चं देऊ नका, एवढंच मी म्हटलं. आजाऱ्याच्या दुधाचे पैसे आम्ही घेत नाही, तेही सांगितलं.

चहापुरत्या दुधानं बाटलीचा तळ कसाबसा झाकला. तो बाटलीकडे बघत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही. मी परत आत गेले, नळीचा चिमटा काढला आणि दुसरा पेला पिल्लाच्या सडाला लावला. आजच्या दिवस, असं मनाशी म्हणत.

त्या आजच्या दिवसाचे सहा दिवस झाले. मी पहाटे उठायची, त्याची बाटली भरायची, मग स्वयंपाक, मग अंगणवाडी, तिथली खिचडी, पोरांची वजनं, मोबाइलवर माहिती भरणं. घरी येईपर्यंत पायात गोळे यायचे. दमलेल्या माणसाला जे सोपं तेच बरोबर वाटायला लागतं. दोन्ही पेले लावणं सोपं होतं.

पिल्लाला मी पाकिटाचं दूध बाटलीनं पाजायला लागले. बाळाला वरचं दूध नको, बाटली तर मुळीच नको, हे मी किती बाळंतिणींना ऐकवलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिसऱ्याच दिवशी पिल्लाला हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि आईचंच पाजा म्हणून सांगितलं. आईची कास तोवर माझ्या यंत्रानं रिकामी केलेली असायची. पिल्लू ढुशा देऊन देऊन दमायचं आणि तिच्या पायाशी बसून राहायचं.

मालक फार बोलत नाहीत. पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवून ते एवढंच म्हणाले, "मरंल ते." मी त्यांच्यावर खेकसले, यंत्र तुम्हीच आणलंत म्हणून. त्यांनी खुरपं उचललं आणि शेताची वाट धरली.

सातव्या दिवशी मी पिल्लाला पिशवीत घालून अंगणवाडीत नेलं. पोरं घरी गेल्यावर वजनाच्या झोळीत ठेवलं. काटा किती हलला ते लिहीत नाही. माणसाचं लेकरू असतं तर त्याच्या आईला मी चार बायकांसमोर झापलं असतं. घरी येताना वाटेत ठरवलं, उद्या त्या माणसाला नाही म्हणायचं. काय बोलायचं ते शब्द न् शब्द पाठ केलं.

सकाळी तो गाडीवरून उतरला तो हसतच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पेशी वाढायल्यात, ताई. दोन दिसात सोडतो म्हणलेत. आता मधीच तोडू नगा."

पेशी दुधानं वाढत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण मी नाही म्हटलं आणि उद्या पुन्हा उतरल्या तर? तेवढी छाती मला झाली नाही. मला त्याचा राग आला, त्याच्या लेकीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. त्या रागातच मी दोन्ही पेले लावले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू रात्री झाकायच्या टोपल्याखाली ताठ झालेलं सापडलं. मालकांनी ते बांधाला नेऊन पुरलं, येऊन हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. माझं ऐकलं नाहीस, असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी दुपारी तो आला, या वेळी पेढ्यांचा पुडा घेऊन. लेक घरी आली होती. तो उभ्या उभ्या सगळं सांगत सुटला. तिला म्हणे दुधाच्या वासानं ओकारी यायची. मग यानं इथं एकदा पिल्लाचा फोटो काढला होता, तो तिला दाखवला. हे बघ, हेच दूध पिऊन कसं उड्या मारतंय. तो फोटो बघत बघत ती रोज पेलाभर दूध प्यायची. आता पिल्लू बघायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. रविवारी आणू का, असं तो विचारत होता.

पुडा माझ्या हातात होता. विकलं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. शेळीचं पिल्लू विकलं याचं कुणाला नवल? पण खोटं बोलायलाही अंगात थोडा जोर लागतो. आज सकाळी मेलं, असं मी सांगितलं.

तो हळूच म्हणाला, "त्याच्या वाटचं पेली का, ताई, माझी लेक?"

"हाव," मी म्हटलं.

तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि तोंडाला रुमाल लावून रडायला लागला. लेक वाचलेल्या बापाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुमचा काही दोष नाही, हे त्याला सांगायला हवं होतं. दूध मी दिलं होतं, त्यानं ओरबाडून नेलं नव्हतं. मी तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. सांगायला लाज वाटते, पण मला रडू आलं नाही. मला झोप आली होती.